लग्न दहा आठवड्यांवर आणि नखं सोलतायत

प्रश्न: दहा आठवड्यांनी माझं लग्न आहे. माझी नखं पातळ आहेत, टोकाशी पापुद्रे सुटतात आणि जरा वाढली की तुटतात. ताण आला की नखांच्या कडेची सालपटं दातांनी ओढायची सवयही आहे. आजवर साधं नेलपॉलिश सोडून काही लावलेलं नाही. बहीण म्हणते, लांब एक्सटेन्शन कर, फोटोत छान दिसतं. मैत्रीण म्हणते, जेल कर. आई म्हणते, आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन ये, त्यात एवढं काय! नेमकं काय करू आणि कधी करू?

उत्तर: तिघींमध्ये आईचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. फक्त ‘आदल्या दिवशी’च्या जागी ‘दोन दिवस आधी’ असं वाचा, आणि ‘एवढं काय’ हे सोडून द्या, कारण तुमच्या नखांना आजपासून थोडी निगा लागणार आहे. आमचा कौल असा: स्वतःचीच नखं, बोटाच्या टोकापुढे जेमतेम दोन मिलिमीटर, त्यावर जेल पॉलिश (खास दिव्याखाली घट्ट होणारा रंग) आणि लग्नाच्या चार आठवडे आधी त्याची एक रंगीत तालीम. एक्सटेन्शन, म्हणजे नखावर चिकटवून वाढवलेलं कृत्रिम लांब नख, नको. त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी वाढीचा हिशेब. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे दिवसाला 0.1. दहा आठवड्यांत झाले 7 मिलिमीटर. आज जे टोक सोलतंय ते तोवर कापून गेलेलं असेल आणि लग्नाच्या दिवशी नखाचा मुळाकडचा निम्मा-अधिक भाग आजच्यानंतर बाहेर आलेला असेल. त्यामुळे आज सुरू केलेल्या निगेला फळ येतं. शेवटच्या आठवड्यात बाटलीभर तेल चोळलं तरी फक्त कडेची कातडी मऊ होते. मधल्या बोटाचं नख सगळ्यांत जोरात वाढतं, अंगठा आणि करंगळी मागे राहतात. तेव्हा लांबी ठरवताना मागे राहिलेल्या नखाकडे बघून ठरवा, पुढे गेलेल्याकडे बघून नाही.

पापुद्रे सुटण्याचं मुख्य कारण पाणी. नख म्हणजे एकावर एक घट्ट चिकटलेले चपट्या पेशींचे थर. पाण्यात ते फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून वीस वेळा हे झालं की टोकाशी थरांची पकड सुटते. साबण, डिटर्जंट आणि अ‍ॅसिटोन (पॉलिश काढायच्या रिमूव्हरमधलं द्रावण) नखातलं उरलंसुरलं तेल काढून घेतात, म्हणून त्रास वाढतो. भांडी, कपडे, फरशी यांसाठी रबरी हातमोजे वापरा आणि आत पातळ सुती मोजे घाला, नाहीतर घामाने आत तीच ओल राहते. सकाळी आणि झोपताना जोजोबा किंवा बदामाचं तेल लावा. एका हाताला दोन थेंब पुरतात. ते नखाच्या मुळाशी, दोन्ही कडांना आणि टोकाच्या खालच्या बाजूलाही चोळायचं. खालची बाजू बहुतेकजणी विसरतात, आणि पापुद्रा तर टोकालाच सुटतो. हात धुतल्यावर ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा युरिया असलेलं क्रीम लावा.

नखं कडक करणारं ‘हार्डनर’ तुम्ही घेऊ नका. सोलणाऱ्या नखाला लवचीकपणा हवा असतो. फॉर्मल्डिहाइडवाली हार्डनर सुरुवातीला छान वाटतात, पण जास्त दिवस वापरली की नख ठिसूळ होऊन कडकन तुटतं. बायोटिनच्या गोळ्यांचाही मोह आवरा. धडधाकट माणसाला त्याचा फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं, आणि हे डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. जाता जाता आणखी दोन समज: नखावरचे पांढरे ठिपके बहुधा मुळाशी बसलेल्या बारीकसारीक माराचे असतात, कॅल्शियमच्या कमतरतेचे नाहीत. आणि ‘नखाला श्वास घेऊ दे’ म्हणतात त्यातही तथ्य नाही. नखाला लागतं ते सगळं रक्तातून मुळाशी पोचतं, वरून हवा लागत नाही.

नेलकटर सध्या बाजूला ठेवा. त्याची पाती नखाला दाबून कापतात आणि त्या दाबानेच थर वेगळे होतात. आठवड्यातून एकदा, नख पूर्ण कोरडं असताना, 240 ग्रिटच्या फायलरने घासा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी फायलर मऊ). पार्लरमध्ये लांबी कमी करायला 180 वापरतात, तुमच्या पातळ नखांना 240 च बरा. आंघोळीनंतर लगेच घासू नका. नख तेव्हा मऊ असतं आणि कडेला तुसं निघतात. पापुद्रा सुटलेला दिसला तर ओढायचा नाही. तो हलक्या हाताने घासून टाका. एकदा ओढला की मुळाच्या दिशेने सोलत जातो आणि तिथे चिरकाल वाटावा असा खळगा राहतो. आकार गोल किंवा कोपरे गोलावलेला चौकोनी ठेवा. धारदार चौकोनी कोपरे ओढणीत, केसांत, पर्सच्या चेनमध्ये अडकतात आणि तिथूनच नख फाटतं.

आता सालपटं. फोटोत नखाच्या रंगाआधी दिसतात ती हीच. सुटलेलं सालपट स्वच्छ निपरने (कातडी कापायच्या छोट्या चिमट्याने) मुळाशी, कातडीला समांतर कापा. दातांनी ओढलं तर जिवंत कातडीही फाटते, जंतू आत जातात आणि ऐन लग्नात नखुरडं होऊन बोट ठणकत बसतं. सवय मोडायला कडू चवीचं पॉलिश चालतं, पण त्याहून उपयोगी पडते ती पर्समधली छोटी फायलर आणि तेलाची बाटली. बोट तोंडाकडे जातं ते बहुधा खरखरीत काहीतरी हाताला लागल्यामुळे. ती खरखर तिथल्या तिथे घासून तेल लावलं की ओढायला काही उरतच नाही. ज्या बोटाचा छळ सगळ्यांत जास्त होतो त्याला घरी असताना बँडेज पट्टी लावा. हे मनावर घ्या, कारण जखम असलेल्या कातडीवर जेल लावायचं नसतं.

नखाखाली काळी-तपकिरी रेघ असेल, नख जाड किंवा पिवळं झालं असेल, बोटापासून सुटत असेल किंवा कडेला पू असेल, तर पार्लरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पॉलिशखाली हे झाकता येतं, म्हणूनच ते वाढतं.

सहा आठवडे एवढं केलं की तालमीची वेळ येते. लग्नाच्या दिवशीचीच तंत्रज्ञ, तोच ब्रँड, तोच दिवा, तोच आकार ठेवा. पार्लर ठरवताना फोटो बघण्याआधी अवजारांचं विचारा. धातूची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक करतात का, फायलर आणि लाकडी काड्या प्रत्येकीला नव्या देतात का? निळा दिवा लावलेली पेटी दाखवून ‘यात सगळं निर्जंतुक होतं’ म्हणाले तर पटवून घेऊ नका. ती पेटी स्वच्छ अवजारं ठेवायला ठीक, अस्वच्छ अवजारं तिच्यात निर्जंतुक होत नाहीत.

खुर्चीत बसल्यावर काय काय व्हायला हवं ते माहीत असलेलं बरं. कोमट पाण्याच्या वाटीत बोटं बुडवायला सांगितलं तर ‘कोरडंच करा’ म्हणा. भिजलेलं नख फुगतं, त्यावर रंग बसतो, मग नख वाळून आकसतं आणि रंगाची कड उचलली जाते. दोन दिवसांत निघालेल्या मॅनिक्युअरमागे पुष्कळदा हीच वाटी असते. त्यानंतर क्युटिकल. नखाला चिकटून पुढे सरकलेला मृत कातडीचा पारदर्शक पातळ पडदा काढायचा असतो. मुळाशी असलेली कातडीची जिवंत किनार कापायची नसते. ती नखाच्या मुळाचं राखण करते, आणि कापली की परत येताना खरबरीत, तुटक येते. क्युटिकल रिमूव्हर लावतात तो क्षारीय असतो. बाटलीवर लिहिलेला वेळच ठेवायचा, बहुधा एक-दोन मिनिटं, आणि मग नीट धुऊन कोरडं करायचं. राहिलेला अंश पुढे जेलला चिकटू देत नाही.

मग नखावरची चकाकी बारीक बफरने जेमतेम उतरवायची. इथे कुणी इलेक्ट्रिक मशिन नखाच्या पृष्ठभागावर फिरवू लागलं तर थांबवा, तुमच्या नखांना ते झेपणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बेस कोट, रंगाचे दोन हात, टॉप कोट. प्रत्येक थर पातळ आणि प्रत्येक थरानंतर दिव्याखाली. एलईडी दिव्याला बहुधा 30 ते 60 सेकंद लागतात, जुन्या यूव्ही दिव्याला साधारण दोन मिनिटं. चार बोटं एकदम आत गेली तरी अंगठा वेगळा घालायला हवा. सगळी बोटं एकत्र ठेवली की अंगठा आडवा पडतो, त्याच्या एका बाजूला उजेड कमी मिळतो आणि तिथलं जेल कच्चं राहतं.

दोन जागांकडे मान वाकवून बघाच. मुळाशी रंग आणि कातडी यांच्यात केसभर फट आहे ना? जेल कातडीवर चढलं असेल तर दिव्याखाली जायच्या आधी लाकडी काडीने काढायला सांगा, कारण एकदा घट्ट झालं की तिथूनच ते सुटायला लागतं. आणि ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवरून फिरला का? याला टोक बांधणं म्हणतात. ते राहिलं तर टायपिंग करताना टोकाचा रंग टवके होऊन निघतो. तुमच्या पापुद्र्यांवर तर हे टोक बांधणं म्हणजे टाकाच.

दिव्याखाली अचानक चटका बसला तर हात लगेच बाहेर काढा आणि काही सेकंदांनी परत आत घाला. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं. थर जाड असला किंवा नख पातळ असलं की ती जास्त जाणवते. सोसत बसायचं कारण नाही. हातांच्या पाठीला यूव्हीपासून जपायचं असेल तर बोटांची टोकं उघडी असलेले मोजे घाला. सनस्क्रीनही चालतं, पण ते नखाला लागलं तर पकड बिघडते.

तालमीचं खरं कारण रंगापेक्षा अ‍ॅलर्जी हे आहे. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट नावाची रसायनं असतात. ती कच्ची असताना कातडीला लागत राहिली तर काहींना अ‍ॅलर्जी होते. नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड, कधी बोटांनी चोळल्या गेलेल्या पापण्यांवरही सूज. एकदा झाली की ती सहसा जन्माची सोबत करते, आणि दातांच्या काही फिलिंगमध्येही याच जातीची रसायनं असतात, त्यामुळे गोष्ट नखांपुरती राहत नाही. तालमीनंतर असं काही दिसलं तर जेल उतरवा, डॉक्टरांना दाखवा आणि लग्नाला साधं पॉलिश लावा. तालीम सुरळीत पार पडली म्हणजे पुढे कधीच होणार नाही, असं मात्र नाही. घरगुती जेल किट आणून सराव करण्याच्या फंदात पडू नका. कातडीवर सांडणं आणि कच्चं राहणं हे दोन्ही घरीच जास्त होतं.

रंग निवडताना नमुन्याच्या पट्टीवर विसंबू नका. दोन हात दिल्यावर पारदर्शक छटाही गडद होते. तालमीचा हात खिडकीच्या उजेडात, रात्री पिवळ्या दिव्याखाली आणि फ्लॅश टाकून, असे तीन फोटो काढा, शेजारी लग्नाच्या कपड्याचा तुकडा आणि अंगठी ठेवा. त्वचेच्या छटेच्या फार जवळचा न्यूड रंग फ्लॅशमध्ये बोटात विरून जातो आणि नखं नसल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा एक छटा गुलाबी किंवा एक छटा गडद घ्या. आरशासारखी चमक असलेल्या क्रोममध्ये समोरचा दिवा आणि कधीकधी फोटोग्राफरही दिसतो. फिकट रंगांना मेकअपचा आणि केसांच्या रंगाचा डाग पटकन धरतो, म्हणून लग्नाआधीच्या ज्या कार्यक्रमात हात रंगणार असतील तो उरकल्यावरच अंतिम मॅनिक्युअर ठेवा.

तालमीचं जेल बारा-चौदा दिवस हातावर राहू द्या आणि रोजची कामं करा. कोणतं नख आधी उचललं, कुठे टवका गेला, ते तंत्रज्ञेला सांगायला लिहून ठेवा. एकाच बोटाचं पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष त्या नखाच्या आकारात किंवा तुमच्या सवयीत असतो (डबे, कॅनची कडी, स्टिकर नखाने उघडणं!). उतरवताना वरचा चकाकता थर फायलरने मोडून, अ‍ॅसिटोनचा बोळा फॉइलमध्ये गुंडाळून 10 ते 15 मिनिटं ठेवायचं, मग सैल झालेलं काडीने हलकेच सरकवायचं. सरकत नसेल तर पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा, खरवडू नका. खेचून काढलेल्या जेलबरोबर नखाचे थर निघतात आणि सहा आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी जाते. मग उरलेले दोन आठवडे परत तेल आणि हातमोजे.

अंतिम मॅनिक्युअर दोन दिवस आधी का? दोन दिवसांत नख 0.2 मिलिमीटर वाढतं, मुळाशी काहीच दिसत नाही. दहा दिवस आधी केलं तर 1 मिलिमीटरची फट फोटोत दिसते. आणि दोन दिवसांत काही उचललं, तुटलं, तर दुरुस्तीला एक पूर्ण दिवस हाताशी राहतो. आदल्या दिवशी तो राहत नाही, लग्नाच्या सकाळी तर विचारूच नका. वेळ दीड-दोन तासांची घ्या. त्या दिवशी सकाळपासून नखांना तेल आणि क्रीम लावायचं नाही. ते पुन्हा मॅनिक्युअरनंतर, फक्त कातडीला. वॅक्सिंग आणि केसांचा रंग ही कामं आधी उरकून घ्या.

साधं पॉलिश लावायची वेळ आली तर ते आदल्या संध्याकाळी लवकर लावा. बाटली हलवली की हवेचे बुडबुडे होतात, ती तळहातांत फिरवा. बेस, दोन पातळ हात, टॉप कोट, मध्ये दोन-तीन मिनिटं. वरून पंधरा मिनिटांत वाळल्यासारखं वाटतं, आतलं द्रावण उडून जायला मात्र कित्येक तास लागतात. म्हणून रात्री उशिरा लावलं की सकाळी चादरीची वीण नखांवर उमटलेली दिसते. लग्नाच्या दिवशी तयार होताना हेअरस्प्रे, परफ्यूम, सॅनिटायझर नखांपासून लांब ठेवा, अल्कोहोलने साध्या पॉलिशची चमक मरते.

बहिणीच्या एक्सटेन्शनविषयी. लांब नख तरफेसारखं काम करतं. टोकाला धक्का बसला की जोर तुमच्या पातळ नखाच्या पोटात येतो, आणि तुटतं ते खालचं, स्वतःचं नख. कडा उचलली गेली तर आत पाणी साठून हिरवट डाग येतो, तो जंतूंचा असतो. त्यावर पुन्हा जेल भरून झाकायचं नसतं. शिवाय पहिल्यांदाच लांब नखं लावलेल्या हातांना हुक, बटणं, कॉन्टॅक्ट लेन्स, फोन सगळंच परकं होतं. लग्नाच्या दिवशी नव्या बोटांची सवय करत बसायला वेळ कुणाला आहे? लांबीची हौस असेलच तर प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायची तयार नखं. प्रत्येक बोटाचं माप आधी लावून बघा. अरुंद नख कडांना ताण देतं आणि सुटतं, जरा मोठं घेऊन बाजूंनी घासलेलं चालतं. एका दिवसापुरतं असेल तर दुहेरी चिकटपट्टी पुरते, काढताना नख वाचतं. गोंद वापरणार असाल तर कपडे घालण्यापूर्वी. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की झपाट्याने तापतो आणि भाजतं, तेव्हा सांडलेला गोंद कापसाने टिपायला जाऊ नका.

लग्नाच्या दिवशी एका छोट्या डबीत 240 चा फायलर, त्याच छटेचं साधं पॉलिश, टॉप कोट, नखांचा गोंद, रिकाम्या चहाच्या पिशवीचा कोरडा तुकडा आणि अ‍ॅसिटोन नसलेला रिमूव्हर ठेवा, आणि डबी बहिणीकडे द्या. नख अर्धं फाटलं तर चहाच्या पिशवीचा चिरेपेक्षा जरा मोठा तुकडा गोंदाने बसवा, वाळू द्या, कडा घासा, वर रंग. जेलचा टवका गेला तर साध्या पॉलिशने तेवढी जागा भरून टॉप कोट द्या, पाच हातांवरून कुणाला कळत नाही. साधं पॉलिश ओलं असताना पुसटलं तर बोटाच्या टोकावर रिमूव्हरचा थेंब घेऊन डाग गुळगुळीत करा आणि वर टॉप कोट. जेलवर अ‍ॅसिटोन मात्र लावायचं नाही, जेल मऊ पडतं.

आणि आजच वेळ घ्याल तेव्हा दोन नव्हे, तीन घ्या: तालमीची, दोन दिवस आधीची आणि लग्नानंतर दोन आठवड्यांनी जेल उतरवायची. त्या वेळी प्रवासात असाल तर फॉइल आणि अ‍ॅसिटोन सोबत न्या. कडा उचललेलं जेल हाताला चाळा म्हणून मिळालं की तुमच्यासारखीला ते सोलल्याशिवाय राहवणार नाही.